पेट्रोलपंपाखालची जमीन आणि परसांतील विहीर

पेट्रोलपंपावर वाहन उभें करणाऱ्या गृहस्थाचें सारें लक्ष यंत्रावरील फिरत्या आंकड्यांकडे असतें, आणि तें साहजिकच आहे. कारण पैसे त्याच्या खिशांतून जावयाचे असतात. परंतु ज्या फरशीवर तो उभा असतो तिच्याखालीं दोनतीन हात मातीपलीकडे वीस वीस हजार लिटरांच्या लोखंडी टांक्या पुरलेल्या असतात, ही गोष्ट त्याच्या मनांत क्वचितच येते. त्या टांक्यांच्याहि खालीं काय आहे, हा विचार तर त्याहून विरळा. नागपुरासारख्या शहरांत, जेथें अजून कितीएक जुन्या वाड्यांच्या परसांत विहिरी आहेत आणि उन्हाळ्यांत नळ रुसला म्हणजे त्याच विहिरींची आठवण होते, तेथें हा विचार संसारी मनुष्यानें अवश्य करण्यासारखा आहे.

आम्हांस या विषयाकडे वळावें लागलें त्याचें निमित्त असें झालें. आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबानें आपली रस्त्यालगतची वडिलार्जित जागा पुष्कळ वर्षांपूर्वीं एका तेलकंपनीस भाडेपट्ट्यानें दिली होती. पट्टा संपला, जागा परत आली, आणि तीवर घर बांधावें असें धाकट्या भावांच्या मनानें घेतलें. थोरल्या वहिनींनीं मात्र एक साधा प्रश्न विचारला : "बांधाल तें बांधा, पण लागूनच असलेल्या आपल्या परसांतल्या विहिरीचें पाणी लेंकरांस पाजावें कीं नाहीं, तें आधीं सांगा." या प्रश्नाचें उत्तर भाडेपट्ट्यांत नव्हतें, नगरभूमापनाच्या कागदांत नव्हतें आणि घरांतील दोघां पदवीधरांजवळहि नव्हतें. आम्हीं उभा जन्म मुलांस संस्कृत व भूगोल शिकविण्यांत घालविला, तेव्हां "गुरुजींस ठाऊक असेल" म्हणून प्रश्न आमच्याकडे आला. त्या निमित्तानें जें वाचलें, जाणत्यांस विचारलें आणि पडताळून पाहिलें, तें येथें वाचकांपुढें मांडीत आहों.

प्रथम जमिनीचा विचार करूं. नागपूर हें निरनिराळ्या भूस्तरांच्या सांध्यावर वसलेलें शहर आहे. पश्चिमेस दख्खनचा काळा पाषाण, ज्यास शास्त्रज्ञ बेसाल्ट म्हणतात. सीताबर्डीची टेकडी त्याचीच. पूर्वेस त्याहून कितीतरी प्राचीन असा पट्टेदार नीस खडक. या दोहोंच्या मध्यें कोठें कोठें लमेटा नांवाचा चुनखडीचा व मातीचा थर डोकावतो. आणि उत्तरेस कामठीकडे गेलें कीं वाळूचा दगड लागतो, ज्याच्या खालच्या थरांत कोळसा सांपडतो. ही सारी हकीकत प्रथम व्यवस्थित लिहून काढणाऱ्यांत स्टीफन हिस्लॉप हे प्रमुख होत. त्यांच्या नांवाचें कॉलेज नागपुरांत १८८३ सालापासून आहे. पण तेथें शिकलेल्या किती जणांस हे पाद्रीसाहेब हातोडी घेऊन ओढ्याओढ्यांतून दगड फोडीत हिंडत असत हें ठाऊक असेल, याची आम्हांस शंका आहे. हिस्लॉप व त्यांचे सहकारी हंटर यांचा नागपूरच्या परिसरांतील भूस्तरांवरील निबंध १८५५ सालीं लंडनच्या भूगर्भशास्त्र मंडळाच्या त्रैमासिकांत प्रसिद्ध झाला. टाकळी येथें त्यांस लाव्ह्याच्या दोन थरांमधील गाळांत गोड्या पाण्यांतील शंखांचे अवशेष मिळाले. म्हणजे एक लाव्हा थिजल्यावर दुसरा येईपर्यंत या भूमीवर तळीं होतीं आणि त्यांच्यांत जीव नांदत होते. हिस्लॉप १८६३ सालीं नागपूरच्या दक्षिणेस एका ओढ्याच्या पुरांत सांपडून वारले.

याचा पेट्रोलपंपाशीं संबंध काय, असें वाचक विचारतील. संबंध असा कीं, बेसाल्ट हा खडक मुळांत घट्ट. त्यांत पाणी राहतें तें त्याच्या भेगांत, वरच्या कुजलेल्या मुरमांत आणि दोन लाव्ह्यांच्या सांध्यांत. गंगेच्या कांठच्या वाळूंत पाणी जसें सर्वत्र सारखें पसरलेलें असतें, तसें येथें नसतें. वराहमिहिरानें सहाव्या शतकांत बृहत्संहितेच्या दकार्गल नामक प्रकरणांत भूमीखालील पाण्यास मनुष्यदेहांतील शिरांची उपमा दिली आहे. कांहीं शिरा वर, कांहीं खोल. वारुळें व झाडें पाहून पाण्याचा माग काढण्याचे त्याचे सारेच ठोकताळे आज कोणी प्रमाण मानणार नाहीं. परंतु आमच्या काळ्या पाषाणाच्या प्रदेशापुरती ही शिरांची उपमा आधुनिक भूजलशास्त्राच्या वर्णनाशीं चांगलीच जुळते. तिचा व्यावहारिक अर्थ मात्र भयंकर आहे. पंपापासून वीस हातांवरची विहीर निर्मळ राहावी आणि शंभर हातांवरची नासावी, असें येथें घडूं शकतें. कारण घाण अंतर पाहून जात नाहीं, भेग पाहून जाते.

पाषाणावर मुरूम आणि मुरमावर काळी माती, असा येथील पुष्कळ भागांतला क्रम आहे. काळ्या मातीचा स्वभाव शेतकऱ्यास सांगावयास नको. पावसांत ती फुगते, चिकट होते, पाणी सहसा खालीं जाऊं देत नाहीं. वैशाखांत तीच आक्रसून हातभर खोल भेगा पाडते. वर्षांतून एकदां फुगणारी व एकदां आक्रसणारी ही जमीन तीमध्यें पुरलेल्या नळांना आणि त्यांच्या सांध्यांना दरवर्षीं थोडथोडी पीळ देत असते. म्हणून टांकी बसवितांना काळी माती काढून भोंवतीं वाळू भरतात. ही योजना योग्य आहे. परंतु त्यामुळें चिकणमातीच्या पोटांत वाळूनें भरलेलें एक मोठें पातेलेंच तयार होतें. पावसाळ्यांत त्यांत पाणी उतरतें आणि सहजासहजीं बाहेर पडत नाहीं.

येथें आकड्यांकडे लक्ष द्यावें. नागपूर जिल्ह्यांत पुष्कळ ठिकाणीं भूजलाची पातळी उन्हाळ्यांत पांच ते दहा मीटर खोल असते आणि पावसाळ्यानंतर दोन ते पांच मीटरांवर येते. टांकीचा तळ सामान्यतः तीन-चार मीटर खोल असतो. अर्थात् कितीएक टांक्या वर्षांतले कांहीं महिने पाण्यांत उभ्या असतात व उरलेले महिने कोरड्यांत. लोखंड गंजविण्यास याहून सोयीची व्यवस्था कोणती? शिवाय आर्किमिडीजचा सिद्धांत आहेच : वीस हजार लिटरांची टांकी पूर्ण बुडाली कीं तिला वर ढकलणारें बळ वीस टनांचें. टांकी भरलेली असेल तर ठीक. रिकामी असून तिला काँक्रीटाशीं नीट जखडलेली नसेल, तर ती जमिनींतून वर उचलूं पाहते आणि तिला जोडलेले नळ तुटतात. २०२३ सालच्या सप्टेंबरांत २२ व २३ तारखांच्या मधल्या रात्रीं अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीच्या कांठचे मोहोल्ले जलमय झाले, तो प्रसंग नागपूरकरांच्या स्मरणांत आहे. अशा पुरांत वर जें दिसतें तेवढेंच नुकसान नसतें.

आतां गळतीकडे वळूं. पुष्कळांची समजूत अशी कीं, टांकी फुटली तर मालकास तत्काळ कळेल. कोण आपले पैसे जमिनींत जाऊं देईल? परंतु गळती बहुधा टांकी फुटून होत नाहीं. ती नळाच्या सांध्यांतून ठिबकून होते, किंवा टँकरांतून टांकींत भरतांना सांडून होते. पेट्रोलचे थेंब पाण्याच्या थेंबांहून लहान. एका मिलिलिटरास चाळीस थेंब धरले आणि सेकंदास एकच थेंब ठिबकला, तरी दिवसाला दोन लिटरांच्या वर आणि वर्षाला आठशें लिटरांच्या जवळपास हिशेब जातो. ही गळ हिशेबाच्या वहींत दिसत नाहीं. कारण पेट्रोल उष्णतेनें फार प्रसरण पावतें. वीस हजार लिटरांत एका अंशाच्या फरकानें वीस लिटरांच्या आसपास चढउतार होतो. पंपावरील लोक टांकींत काठी घालून उंची मोजतात, तिला ते 'डिप' म्हणतात. हल्लीं पुष्कळ ठिकाणीं हें काम यंत्र करतें. परंतु वीस लिटरांच्या नैसर्गिक चढउतारांत दोन लिटरांची चोरी हुडकणें म्हणजे भरल्या बाजारांत कुजबुज ऐकण्यासारखें आहे. दिवसादिवसाच्या तुटींवरून नव्हे, तर महिनोन् महिने एकाच बाजूस झुकणाऱ्या तुटींवरूनच ती कळते.

जमिनींत उतरलेलें पेट्रोल कांहीं मातीला चिकटतें, कांहीं वाफ होऊन वर येतें, आणि उरलेलें भूजलापर्यंत पोंचतें. तें पाण्याहून हलकें असल्यामुळें पाण्यावर तरंगतें. पावसाळ्यांत पाणी चढलें कीं तेंहि चढतें; उन्हाळ्यांत उतरलें कीं उतरतें; आणि या खालींवर होण्यांत दोनचार मीटर माती तेलानें माखून निघते. त्याची वाफ हवेहून तिप्पट-चौपट जड असते. ती तळघरांत, गटारांत, विहिरीच्या पोटांत सांचून बसते. मेक्सिको देशांतील ग्वादालाहारा शहरांत १९९२ सालच्या एप्रिलच्या २२ तारखेस भूमिगत नळांतून गळलेलें पेट्रोल गटारांत शिरून रस्तेच्या रस्ते उडाले आणि दोनशेंहून अधिक माणसें प्राणास मुकलीं. पाण्याच्या नळाच्या स्पर्शानें तेलाचा नळ गंजला होता, एवढेंच मूळ कारण.

परंतु स्फोट हा क्वचित् घडणारा प्रकार. विहिरीच्या दृष्टीनें खरा शत्रू निराळाच आहे. पेट्रोल हें एक द्रव्य नसून शेंकडों द्रव्यांचें मिश्रण आहे, आणि त्यांतील बेंझीन नामक द्रव्य पाण्यांत बऱ्यापैकीं विरघळतें. बेंझीन रक्ताचा कर्करोग उत्पन्न करतें, हें आतां निर्विवाद ठरलें आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें पिण्याच्या पाण्यांत लिटरास १० मायक्रोग्रॅम ही त्याची मर्यादा घालून दिली आहे. आपल्याकडील पेट्रोलांत शेंकडा एक इतकें बेंझीन असण्यास मुभा आहे. आतां शाळेंतला हिशेब करावा. एक लिटर पेट्रोलांत दहा मिलिलिटर, म्हणजे सुमारें पावणेनऊ ग्रॅम बेंझीन. तें सारें पाण्यांत उतरलें, तर जवळ जवळ पावणेनऊ लाख लिटर पाणी मर्यादेपर्यंत नासविण्यास पुरे! दहा हजार लिटरांचे सत्त्याऐंशी टँकर पाणी, एका लिटर पेट्रोलापायीं. प्रत्यक्षांत सारें बेंझीन पाण्यांत उतरत नाहीं, कांहीं उडून जातें, कांहीं जंतू खातात. तथापि गळती वर्षाला आठशें लिटरांची असेल तर सूट किती धरावी?

यावर आमच्या एका मित्राचें म्हणणें असें पडलें कीं, पाण्यास वास येईल तेव्हां पाहूं. हा भरंवसा घातक आहे. बेंझीनचा वास मनुष्याच्या नाकास कळतो तो सुरक्षित मर्यादेच्या शेंकडों पट झाल्यावर. तुरटी फिरवून किंवा गाळणीनें गाळून तें जात नाहीं. पाणी उकळावें म्हणाल, तर बेंझीन ८० अंशांस उकळतें खरें, पण मग तें पाण्यांतून निघून स्वयंपाकघराच्या हवेंत येतें, आणि तेथें दिवसभर वावरणाऱ्या बायामाणसांच्या श्वासांत जातें. कार्यक्षम कोळशाच्या गाळणीनें तें अडतें. पण कोळसा भरला कीं गाळणी निरुपयोगी, आणि ती भरली हें डोळ्यांस दिसत नाहीं.

दुसरी एक गोष्ट नवीन आहे. २०२५ सालीं आपल्या देशांत पेट्रोलांत शेंकडा वीस मद्यार्क मिसळण्याचें ध्येय गांठलें गेलें. उसाच्या शेतकऱ्यास त्यांत लाभ आहे, परदेशीं जाणारें धन वांचतें; त्याविषयीं आमचें कांहीं म्हणणें नाहीं. परंतु मद्यार्कास पाण्याची मोठी ओढ. टांकींत पाणी शिरलें तर तो पेट्रोल सोडून पाण्यास मिळतो आणि तळाशीं निराळा थर करून बसतो. जमिनींत गळला तर तेथील जंतू प्रथम त्याच्यावर तुटून पडतात, आणि बेंझीनकडे वळेपर्यंत त्यांचा प्राणवायु संपलेला असतो. परिणामीं बेंझीन पूर्वींपेक्षां दूरवर जातें. पक्वान्नांचें ताट पुढें आल्यावर कारल्याच्या भाजीस कोण हात लावतो?

अमेरिकेनें या दुखण्याची दखल १९८४ सालीं कायद्यानें घेतली. तेव्हांपासून तेथें भूमिगत टांक्यांच्या गळतीचीं पांच लाखांहून अधिक प्रकरणें नोंदलीं गेलीं आहेत. कॅलिफोर्नियांतील सांता मोनिका शहरानें १९९६ सालीं पेट्रोलांतील एमटीबीई या द्रव्यामुळें आपल्या विहिरी बंद केल्या आणि आपल्या पाणीपुरवठ्याचा जवळ जवळ अर्धा भाग गमावला. आपल्याकडे २०१३ सालीं चेन्नईच्या तोंडियारपेट भागांत लोकांच्या कूपनलिकांतून पाण्याऐवजीं तेल येऊं लागलें, तेव्हां भूमिगत तेलनळाची गळती उघडकीस आली. हीं उदाहरणें मोठ्या नळांचीं व मोठ्या शहरांचीं असलीं, तरी भूमीचा न्याय लहान टांकीस निराळा नाहीं.

आणि येथें नागपूरकरांस एक विशेष गोष्ट सांगावीशी वाटते. देशांतील पेट्रोलपंपांच्या टांक्यांस ज्या खात्याचा परवाना लागतो त्याचें मुख्य कार्यालय आमच्याच सेमिनरी हिल्सवर आहे. स्फोटक पदार्थांचें हें सरकारी खातें १८९८ सालीं स्थापन झालें. आज तें पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटना या नांवानें ओळखलें जातें आणि १९३४ चा पेट्रोलियम कायदा व २००२ चे नियम यांचा अंमल पाहतें. हा कायदा मुळांत आगीच्या भीतींतून जन्मला. पाण्याच्या काळजींतून नव्हे. त्यामुळें टांकी भडकूं नये याविषयींचे नियम सविस्तर, आणि जमीन नासूं नये याविषयींचा विचार मागाहून आलेला, असें आमच्या अल्पमतीस दिसतें. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें २०२० सालच्या जानेवारींत ठरविलें कीं, नवा पंप शाळा, दहा वा अधिक खाटांचें रुग्णालय आणि वस्ती यांपासून पन्नास मीटर दूर असावा, आणि अडचण असल्यास विशेष खबरदारी घेऊन तीस मीटरांहून जवळ तर कदापि नसावा. नियम स्तुत्य आहे. परंतु तो नव्या पंपांचा. जुने आहेत तेथेंच आहेत. शिवाय पन्नास मीटर आपण फीत धरून जमिनीवर मोजतों. खालच्या भेगेस ती फीत माहीत नाहीं.

अशी जागा तपासावयाची कशी? येथें भूमितीचा उपयोग होतो, म्हणून आम्हांस हा भाग विशेष आवडला. तीन बिंदूंतून एकच पातळी जाते, हें मुलांस आम्हीं कितीदां तरी शिकविलें असेल. जागेच्या भोंवतीं त्रिकोणांत तीन छिद्रें पाडतात, एकाच ठरलेल्या खुणेपासून प्रत्येकींतील पाण्याची उंची मोजतात, आणि त्यावरून पाण्याचा उतार कोणत्या दिशेस हें काढतात. उताराच्या वरच्या बाजूस एक नमुना आणि खालच्या बाजूस निदान दोन, असे घेतले म्हणजे पंपामुळें काय बिघडलें आणि काय आधींच बिघडलेलें होतें, तें वेगळें निघतें. भेगांच्या खडकांत पाणी उताराशीं अगदीं इमान राखीत नाहीं, म्हणून जाणता भूजलतज्ज्ञ भेगांची दिशाहि पाहतो. छिद्र पाडणाराहि जाणता हवा. वरची घाण खालच्या स्वच्छ थरांत नेणारी वाट त्याच्याच हातून पडूं शकते. टांक्या उचलल्यावर खड्ड्याच्या तळाची व बाजूंची माती तपासण्याची संधि तर पुन्हां येत नाहीं. खड्डा बुजला कीं ती गेली.

पुढें शुद्धीकरणाचे उपायहि आहेत. नासलेली माती काढून नेणें, वाफ ओढून घेणें, पाणी उपसून शुद्ध करणें, आणि जमिनींतील जंतूंना हवा व खाद्य देऊन त्यांच्याकडून तेल खावविणें. या विषयांत काम करणारी राष्ट्रीय संस्था नागपुरांतच आहे. १९५८ सालीं सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीकरितां ती निघाली आणि १९७४ पासून ती नीरी या नांवानें प्रसिद्ध आहे. मात्र पाषाणाच्या भेगांत शिरलेलें तेल वाळूंतल्यासारखें धुऊन निघत नाहीं, आणि खर्च मोठा. तो कोणीं करावा, यावर भावाभावांत आणि मालक-भाडेकरूंत वाद होतात. जुन्या भाडेपट्ट्यांत जमिनीची लांबीरुंदी इंचाइंचानें लिहिलेली असते. खोलीचा उल्लेख नसतो. २०२५ सालच्या जुलैंत केंद्र सरकारनें दूषित जागांविषयीं स्वतंत्र नियम काढले. त्यांत संशयित जागा शोधून काढणें, तपासणी करणें आणि दोषी ठरेल त्याजकडून खर्च घेणें, अशी रीत घालून दिली आहे. ज्या घरीं अशी जागा परत यावयाची आहे त्यांनीं ताबा घेण्यापूर्वींच माती व पाणी यांचा अहवाल मागावा. ताबापावतीवर सही झाल्यावर मागणें आणि न मागणें सारखेंच.

ज्या कुटुंबाचा उल्लेख वर केला त्यांनीं तूर्त बांधकाम थांबविलें आहे आणि विहिरीवर फळ्या टाकून ती बंद ठेविली आहे. नमुने दोनदां घेण्याचें ठरलें आहे : एकदां पाणी पार तळाशीं गेलेलें असतां, म्हणजे ज्येष्ठारंभीं, आणि एकदां तें वर आल्यावर, आश्विनांत. एकाच ऋतूंतल्या नमुन्यावर भिस्त ठेवूं नये, कारण तेल वरच्या मातींत अडकलेलें असतां खालचें पाणी निर्दोष दिसूं शकतें.

नमुना कसा घ्यावा हें मात्र सर्वांनीं ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. पहिल्या खेपेस धाकटे बंधु सरबताच्या रिकाम्या बाटलींत अर्धी बाटली पाणी घेऊन, ती दोन दिवस माळ्यावर ठेवून, मग प्रयोगशाळेंत गेले. तेथून त्यांस परत पाठविलें. बेंझीन उडून जाणारें द्रव्य असल्यामुळें बाटली कांचेची, घट्ट झांकणाची आणि लहान लागते. प्रयोगशाळेंत मागितल्यास तीच मिळते. ती कांठोकांठ भरावयाची, झांकण लावून उलटी करून पाहावयाची, आणि आंत हवेचा एकहि बुडबुडा दिसला तर ती टाकून दुसरी भरावयाची. मग बर्फांत ठेवून त्याच दिवशीं पोंचती करावयाची, आणि कागदावर केवळ "पिण्यास योग्य कीं अयोग्य" असें न लिहितां "बेंझीन, टोल्युईन, एथिलबेंझीन, झायलीन" अशीं नांवें स्पष्ट लिहून द्यावयाचीं. नाहींतर पाण्याची सामान्य तपासणी होते, आणि तींत हीं द्रव्यें कोणी पाहत नाहीं.